कोलोनोस्कोपी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: कोणती थांबवायची, कधी, आणि पुन्हा कधी सुरू करायची

बाबांच्या पहिल्या कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीच्या) वेळी हॉस्पिटलमधून फोन आला होता. "काकू, काकांची रक्त पातळ व्हायची गोळी पाच दिवस बंद ठेवा." आईने वहीत लिहून घेतलं आणि 'हृदयाच्या' म्हणून वेगळ्या डबीत ठेवलेल्या चारही गोळ्या बंद केल्या. त्यात ब्लडप्रेशरची होती, कोलेस्टेरॉलची होती, ठोके आवरणारी होती आणि खरोखर रक्त पातळ करणारी एकच होती, एपिक्साबान. तपासणीच्या दिवशी प्रेशर १९० च्या वर. ते उतरेपर्यंत दुपार झाली. दोन पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेले कोंब) काढले, संध्याकाळी घरी आलो. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती: "पूर्वीची औषधे सुरू ठेवणे." बंद असलेली गोळी सुरू कशी ठेवायची? कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नवव्या दिवशी मी डबी उघडली, तर एपिक्साबानची पट्टी तशीच.

म्हणजे ठोके अनियमित पडणारा माणूस दोन आठवडे गोळीशिवाय फिरत होता. काही झालं नाही, हे आमचं नशीब. तीन वर्षांनी दुसरी कोलोनोस्कोपी ठरली तेव्हा मी सगळं कागदावर मांडून घेतलं. तीच पद्धत इथे देतोय. मी डॉक्टर नाही. खाली आलेले दिवस म्हणजे डॉक्टर साधारणपणे वापरतात ती चौकट आहे. ती वाचून आपल्या मनाने गोळी बंद करू नका, ती वाचून नेमके प्रश्न विचारा.

आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करा

ब्रँडचं नाव नको, पट्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेले घटक वाचा. दिसत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून मोठा करा. रक्त पातळ करणारी म्हणतात ती औषधं दोन घराण्यांतली.

पहिलं घराणं प्लेटलेटना (रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या बारीक पेशींना) एकमेकींना चिकटू न देणाऱ्यांचं: अ‍ॅस्पिरिन (आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी इकोस्प्रिन), क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर, प्रासुग्रेल. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्यांना, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ही असतात. दुसरं घराणं रक्त गोठण्याच्या साखळीतच हात घालणाऱ्यांचं. त्यात वॉरफेरिन आणि अ‍ॅसिट्रॉम म्हणून मिळणारं असिनोकुमारॉल ही जुनी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासत घ्यायची औषधं, आणि डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान ही नवी. ठोके अनियमित असतील, झडप बदललेली असेल किंवा पायात-फुप्फुसात गुठळी झाली असेल तर ही देतात.

आपल्याकडचा खास घोळ जोडगोळ्यांचा आहे. एकाच कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन असं त्रिकूट सर्रास मिळतं. डॉक्टर म्हणतात, "क्लोपिडोग्रेल थांबवा, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवा," आणि घरी कॅप्सूल तर एकच! ती बंद केली की अ‍ॅस्पिरिनही गेलं आणि स्टॅटिनही. अशी कॅप्सूल असेल तर तेवढ्या दिवसांपुरतं अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन वेगवेगळं लिहून मागा. हे आपणहून कुणी सांगेलच असं नाही, कारण फोनवर बोलणाऱ्याला तुमची पट्टी दिसत नसते.

फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, हळदीचा अर्क, गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफेनॅक, कुणीतरी दिलेला काढा, हेही यादीत लिहा. 'ते काय औषध आहे का' म्हणून नेमकं हेच सांगायचं राहतं.

गोळी कशासाठी चालू आहे, आणि कधीपासून

गोळी थांबवणं किती धोक्याचं, हे गोळीच्या नावापेक्षा ती चालू असण्याच्या कारणावर ठरतं. म्हणून स्टेंट असेल तर अँजिओप्लास्टीची तारीख हवी. औषधी स्टेंट बसवून सहा महिने ते वर्ष झालं नसेल आणि कोलोनोस्कोपी नुसती तपासणी म्हणून असेल, तर ती पुढे ढकलणं हाच बहुतेक वेळा उत्तम मार्ग. पायातली किंवा फुप्फुसातली गुठळी तीन महिन्यांच्या आतली असेल तरी तेच. पॉलिप वर्षानुवर्षं वाढतात, त्यांच्यासाठी थोडं थांबता येतं. रक्तस्राव होत असेल किंवा कॅन्सरची दाट शंका असेल तर मात्र दोन्ही डॉक्टरांना मिळून मधला मार्ग काढावा लागतो.

सर्वांत जपायचे रुग्ण म्हणजे धातूची झडप बसवलेले, त्यातही डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेचे. आणि लहानपणीच्या संधिवाती तापामुळे मायट्रल झडप आकुंचन पावलेली असून ठोकेही अनियमित असलेले. आपल्या भागात असे रुग्ण अजून बरेच भेटतात. त्यांचं वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम एखाद्या फोनवर थांबवण्याची गोष्ट नाही.

म्हणून दोन डॉक्टर गाठायचे: दुर्बीण घालणारे पोटाचे डॉक्टर, आणि ज्यांनी गोळी सुरू केली ते हृदयाचे किंवा मेंदूचे डॉक्टर. नुसतं 'फिटनेस' मागितलं तर "फिट फॉर प्रोसिजर" एवढा शिक्का मिळतो. त्याऐवजी विचारा: "ही गोळी किती दिवस थांबवलेली चालेल आणि जास्तीत जास्त कितव्या दिवशी सुरू झालीच पाहिजे?" आणि उत्तर लिहून घ्या.

आतमध्ये नेमकं काय करणार आहेत

नुसतं आतडं बघायचं किंवा चिमटीएवढा तुकडा काढायचा असेल तर रक्तस्रावाचा धोका इतका कमी की बहुतेक गोळ्या चालू ठेवूनच ते करतात. नव्या गोळ्यांपैकी एखादी असेल तर त्या दिवशीचा सकाळचा डोस तेवढा वगळतात. वॉरफेरिनवाल्यांचा आयएनआर ठरलेल्या मर्यादेच्या वर नाही ना, हे आधी पाहतात.

पॉलिप काढणं मात्र जास्त धोक्याच्या कामात धरतात. त्यातही प्रकार आहेत. एक सेंटिमीटरच्या आतला पॉलिप हल्ली वीज न वापरता नुसत्या तारेच्या फासाने कापतात. तिथे रक्त आलं तर सहसा तिथल्या तिथे येतं, डॉक्टरांना समोर दिसतं आणि थांबवताही येतं. मोठ्या पॉलिपला वीज देऊन भाजत कापावं लागतं. त्या जागी खपली धरते आणि ती पाच ते चौदा दिवसांत गळते. खपली गळते तेव्हा रुग्ण हॉस्पिटलमध्ये नसतो, घरी असतो, आणि तोवर गोळीही पुन्हा सुरू झालेली असते. या तपासणीनंतरच्या रक्तस्रावाची सगळी गंमत (गंमत कसली) या एका खपलीत आहे.

लहान पॉलिपसाठी गोळी थांबवावीच लागते का, यावरही अभ्यास झाले आहेत. हाँगकाँगमध्ये काही रुग्णांचं क्लोपिडोग्रेल चालू ठेवलं आणि काहींना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या दिल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उशिराने झालेल्या रक्तस्रावाचं प्रमाण ३.८ आणि ३.६ टक्के निघालं, म्हणजे जवळपास सारखंच. पण त्यातले बहुतेक पॉलिप लहान होते. तेव्हा एखादे डॉक्टर "चालू राहू द्या" म्हणाले तर ते निष्काळजी आहेत असं समजू नका.

अडचण अशी की आत पॉलिप आहे का आणि किती मोठा, हे आधी माहीत नसतं. म्हणून बरेच डॉक्टर पॉलिप निघेल असं धरूनच गोळी थांबवायला सांगतात. दुसरा रस्ता म्हणजे गोळी चालू ठेवून आधी नुसतं बघायचं, लहान असेल तर तेव्हाच काढायचा आणि मोठा निघाला तर तयारीनिशी दुसरी तारीख घ्यायची. यात दोनदा पोट साफ करावं लागू शकतं. पण ज्यांची गोळी थांबवणं जोखमीचं आहे त्यांना हा रस्ता बरा. तुमच्या डॉक्टरांचा विचार यांपैकी कोणता, ते विचारा.

कॅलेंडरवर खुणा

'पाच दिवस आधी' म्हणजे नेमकं काय, यावर आमच्या घरात अर्धा तास वाद झाला होता. तपासणीचा दिवस धरायचा का? आदली रात्र धरायची का? त्यापेक्षा 'शेवटचा डोस अमुक वारी, रात्री इतक्या वाजता' असं विचारायचं. पुढच्या उदाहरणांत तपासणी गुरुवारी सकाळी आहे आणि पॉलिप काढायची शक्यता आहे, असं धरा.

अ‍ॅस्पिरिन: हृदयविकार, स्टेंट किंवा पक्षाघातासाठी चालू असेल तर सहसा थांबवत नाहीत, पॉलिप काढायचा असला तरी. दोन गोळ्या चालू असतील तेव्हा दुसरी थांबवतात आणि अ‍ॅस्पिरिन राखण करत राहतं. दोन्ही एकदम आपल्या मनाने बंद करणं ही यातली सर्वांत महाग पडणारी चूक. स्टेंट त्यामुळेच बुजतो.

क्लोपिडोग्रेल: पाच ते सात दिवस आधी. प्लेटलेटचं आयुष्यच सात ते दहा दिवसांचं असतं आणि हे औषध तिला जन्मभरासाठी निकामी करतं. त्यामुळे नव्या प्लेटलेट तयार होईपर्यंत वाट पाहावी लागते. प्रासुग्रेलला सात दिवस, टिकाग्रेलोरला साधारण तीन ते पाच.

वॉरफेरिन: पाच रात्रींची सुट्टी. म्हणजे शेवटची गोळी आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी रात्री. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार गोळी नाही. बुधवारी आयएनआर. तो दीडच्या खाली आला की काम करतात. अ‍ॅसिट्रॉम शरीरातून लवकर उतरतं, त्याला सहसा दोन-तीन दिवस पुरतात. 'दोन्ही एकच' असं केमिस्टने सांगितलं तरी दिवस एक धरू नका.

एपिक्साबान, रिव्हारोक्साबान: शेवटचा डोस सोमवारी; मंगळवार, बुधवार आणि गुरुवारची सकाळ कोरडी. एवढंच. बाबांना सांगितलेले 'पाच दिवस' बहुधा वॉरफेरिनच्या सवयीतून आलेले होते. नव्या गोळ्या दोन दिवसांत उतरतात आणि त्याहून जास्त थांबणं म्हणजे फुकटची जोखीम. कॅनडा, अमेरिका आणि युरोपातल्या सुमारे तीन हजार रुग्णांवर असाच ठरलेला हिशेब वापरून पाहिला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तिन्ही नव्या गोळ्यांच्या गटांत पक्षाघात वगैरेचं प्रमाण एक टक्क्याच्या आत राहिलं आणि गंभीर रक्तस्राव दोन टक्क्यांच्या आत.

डाबिगाट्रानला मात्र किडनी विचारा. या औषधाचा सुमारे ८० टक्के भाग लघवीवाटे जातो, त्यामुळे किडनी मंद असेल तर दोनऐवजी चार दिवस कोरडे लागतात. इथे रिपोर्ट फसवतो. समजा आजोबा ७८ वर्षांचे, वजन ५० किलो, क्रिएटिनीन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा) १.२. रिपोर्टवर ठळक खूण नाही, सगळे म्हणतात नॉर्मल. पण १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनीनने भागा. उत्तर येतं ३६, म्हणजे किडनीचं काम बरंच कमी. (बाईंसाठी उत्तराला ०.८५ ने गुणतात.) रिव्हारोक्साबान-एपिक्साबानसाठीही हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवा.

मधल्या दिवसांत पोटात इंजेक्शन?

वॉरफेरिन थांबलं की मधल्या काळात हेपारिन जातीचं इंजेक्शन पोटावर टोचून घ्यायचं, याला 'ब्रिजिंग' म्हणतात. पूर्वी ते सरसकट देत. २०१५ मध्ये ब्रिज नावाच्याच चाचणीचे निष्कर्ष आले. अनियमित ठोक्यांमुळे वॉरफेरिन घेणाऱ्या १,८८४ जणांपैकी इंजेक्शन न घेतलेल्यांत गुठळीचे प्रकार ०.४ टक्के झाले, घेतलेल्यांत ०.३ टक्के. मोठा रक्तस्राव मात्र १.३ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेला. तेव्हापासून हे खूळ कमी झालं. धातूच्या झडपेचे रुग्ण त्या चाचणीत नव्हते. त्यांच्यासाठी, विशेषतः मायट्रल झडपेच्या, इंजेक्शन अजूनही देतात आणि शेवटचं किमान २४ तास आधी घेतात. एपिक्साबानसारख्या नव्या गोळ्यांना ब्रिजिंग सहसा लागतच नाही. कुणी सुचवलं तर कारण विचारायला लाजू नका.

पोट साफ करायचा दिवस

औषधाचा अर्धा भाग आदल्या संध्याकाळी आणि उरलेला तपासणीच्या चार ते सहा तास आधी, अशी विभागणी चांगली. आधीचे दोन-तीन दिवस पेरू, भेंडी, तीळ, शेंगदाणे, टोमॅटोच्या बिया टाळा. मऊ भात आणि वरणाचं निवळ चालतं. नारळपाणी, लिंबू सरबत, चहा बिनदुधाचा. कोकम सरबत आणि बीटाचा रस नको, आतड्यात ते रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवतात.

या दिवशी शरीरातलं पाणी झपाट्याने जातं. म्हाताऱ्या माणसाची किडनी तेवढ्याने दबते, आणि किडनी दबली की उरलेली गोळी रक्तात रेंगाळते. म्हणून मधूनमधून पाणी पाजत राहा. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी फॉस्फेटचं औषध घेऊ नये, पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर मागावी.

साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं वेगळं विचारून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढवू शकतात, म्हणून साधारण तीन दिवस आधी थांबवतात. ठोके आवरणारी गोळी मात्र एकदम तोडायची नसते. ती आणि प्रेशरची कोणती गोळी त्या सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची, हे आधीच ठरवा. आम्ही नेमकी इथे माती खाल्ली होती.

भूल देण्याआधी आणि निघताना

आत नेताना नर्सला आपणहून सांगा: "एपिक्साबान, शेवटचा डोस सोमवार रात्री आठ." यादीवर विसंबू नका. भुलेनंतर रुग्णाला सांगितलेलं काही आठवत नाही. बाबा "छान आहेत हो डॉक्टर" एवढंच सांगत होते. त्यामुळे बाहेर आल्यावर डॉक्टरांशी घरच्या माणसाने बोलायचं. विचारायचं ते असं: पॉलिप किती, सर्वांत मोठा किती मिलिमीटर, वीज वापरली का, रक्त थांबवायला आत क्लिप (बारीक चिमटा) लावली का, आणि कोणती गोळी कोणत्या वारी किती वाजता सुरू करायची. "पूर्ववत" हा शब्द दिसला तर कागद परत द्या आणि तारीख टाकून घ्या.

सुरू करायचे दिवस गोळीगणिक वेगळे का, हे एकदा कळलं की लक्षात राहतं. वॉरफेरिनचा पूर्ण परिणाम यायला पाचेक दिवस लागतात, म्हणून ते बहुधा त्याच रात्री, नेहमीच्याच डोसने सुरू करतात आणि आठवड्याने आयएनआर पाहतात. बुडालेला डोस भरून काढायला दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. नव्या गोळ्या दोन-चार तासांतच काम सुरू करतात, म्हणून पॉलिप काढल्यावर त्यांना दोन ते तीन दिवस थांबवतात. आमच्या गुरुवारच्या उदाहरणात शनिवार किंवा रविवार. नुसतं बघितलं असेल तर दुसऱ्याच दिवशी चालतं. क्लोपिडोग्रेल एक-दोन दिवसांत. रिव्हारोक्साबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही.

वॉरफेरिनवाल्यांना आणखी एक खाचखळगा आहे. चार दिवस बेचव खाल्ल्यावर माणूस पालक-मेथीवर तुटून पडतो आणि आयएनआर खाली जातो. पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडाझोल घेतलं की तो वर उडी मारतो. नेहमीचं जेवण नेहमीच्या प्रमाणात घ्या आणि नवं औषध विचारल्याशिवाय नको.

पुढचे चौदा दिवस

पहिल्या एक-दोन वेळा शौचाला रक्ताची पुसट रेघ दिसली तर घाबरू नका. गुठळ्या, भांडं लाल होईल एवढं रक्त, डांबरासारखी काळी शौच, घेरी, छातीत धडधड, यांपैकी काहीही झालं तर वाट बघत बसू नका, हॉस्पिटल गाठा. पोट दगडासारखं कडक होणं, वाढत जाणारी कळ, ताप, यांनाही हेच लागू. तोंड वाकडं होणं, हाताची ताकद जाणं, बोबडी वळणं, छातीत दाब, एका पायाला सूज किंवा अचानक दम लागणं ही दुसऱ्या बाजूची लक्षणं. गोळी थांबलेल्या दिवसांत ती घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. १०८ नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. आणि रक्त दिसलं म्हणून अ‍ॅस्पिरिन घरच्या घरी बंद करू नका, तो निर्णय हॉस्पिटलमध्येच होऊ द्या.

दुखलं तर पॅरासिटामॉल. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांच्या जोडगोळ्या नकोत. मोठा पॉलिप निघाला असेल तर या दोन आठवड्यांत हॉस्पिटल तासाभराच्या टप्प्यात असेल असं बघा. बाबांची दुसरी तारीख गणपतीच्या तोंडावर येत होती. गावच्या घरापासून रक्त मिळण्याची जागा अडीच तासांवर, रस्ता तुम्हाला माहीतच आहे. आम्ही तपासणी गौरी-विसर्जनानंतर ठेवली. डॉक्टर हसले, पण तारीख दिली.

तुकड्याचा रिपोर्ट साधारण आठवड्याने येतो, तो आणायला विसरू नका. पुढची कोलोनोस्कोपी किती वर्षांनी, हे त्यावर ठरतं. गोळ्यांच्या वारांचा कागद त्याच फाइलमध्ये लावा, पट्टीच्या मागच्या फोटोसकट.